इयागो नेमके काय हेरतो?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या शोकांतिकेतील इयागो प्रत्येकाच्या दुबळेपणाचा फायदा घेतो असे सर्वत्र शिकवले जाते; मग व्हेनिसच्या सैन्याचा मुरलेला सेनापती ऑथेल्लो एका रुमालावरून पत्नीचा जीव घेतो, हे भोळेपणाखेरीज दुसऱ्या कशाने पटावे, हा त्याचा पहिला भाग. इयागोची भूमिका करणाऱ्या नटाने ही कारस्थानी बुद्धी प्रेक्षकांपुढे कशी उभी करावी, हा दुसरा. मी हे नाटक अनेक वर्षे शिकवले आहे आणि त्याच्या तालमीही घेतल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की ‘प्रत्येकाचा एकेक दुर्गुण आणि इयागोचा त्यावर एकेक डाव’ ही नेहमीची मांडणी अपुरी आहे. इयागो माणसांतले दोष शोधतो हे खरे, परंतु त्याची खरी शिकार माणसा-माणसांमधल्या न बोललेल्या जागांत चालते. ज्या दोन माणसांनी समोरासमोर बसून एक प्रश्न विचारला असता तर सारे कारस्थान कोसळले असते, त्या दोघांच्या मध्ये तो उभा राहतो आणि शेवटपर्यंत ती जागा सोडत नाही.

पहिल्या अंकातच याचा नमुना दिसतो. ऑथेल्लोने कॅसिओला उपसेनापती नेमले आणि इयागो निशाणदारच राहिला, ही त्याची उघड तक्रार आहे. त्या रात्री तो रॉडरिगोला घेऊन सिनेटर ब्रॅबान्शिओच्या घराखाली येतो आणि त्याची मुलगी डेस्डेमोना मूर, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, सेनापती ऑथेल्लोबरोबर निघून गेल्याची बातमी अंधारातून ओरडून सांगतो. ही बातमी खोटी नाही, हे आधी लक्षात घ्यावे. इयागो पदरचे घालतो ती केवळ भाषा. विवाहाची गोष्ट तो पशूंच्या मीलनाच्या घाणेरड्या प्रतिमांत सांगतो, आणि काल-परवापर्यंत ऑथेल्लोला प्रेमाने घरी बोलावून त्याच्या मोहिमांच्या कथा ऐकणारा म्हातारा बाप त्या प्रतिमांवर लगेच विश्वास ठेवतो. ब्रॅबान्शिओ म्हणतो की ही घटना माझ्या स्वप्नाशी जुळते आहे. म्हणजे भीती त्याच्या घरात आधीपासून मुक्कामाला होती. इयागोने तिला हाक मारली इतकेच. शिवाय हाक मारून तो स्वतः अंधारात राहिला, नाव रॉडरिगोचे पुढे केले आणि पुढच्याच प्रवेशात ऑथेल्लोशेजारी एकनिष्ठ सेवक म्हणून हजर झाला.

रॉडरिगोबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो श्रीमंत आहे, डेस्डेमोनावर लुब्ध आहे, आणि पैशाने प्रेम विकत मिळते ही त्याची समजूत इयागो जोपासतो. ‘थैलीत पैसे भर’ हे वाक्य तो एकाच संवादात इतक्या वेळा उच्चारतो की रॉडरिगो जमीन विकायला निघतो. डेस्डेमोनाला द्यायला म्हणून दिलेले दागिने इयागोच्याच खिशात जातात. मात्र चौथ्या अंकातला एक क्षण निसटू देऊ नका. फसवणुकीला कंटाळलेला रॉडरिगो म्हणतो की मी आता स्वतः डेस्डेमोनाला भेटून माझे दागिने परत मागतो. इयागो तत्क्षणी त्याचे कौतुक करतो, आणि त्याच संवादात त्याला कॅसिओच्या खुनाच्या कामाला लावतो. थेट भेटीची भाषा करणारा माणूस त्याच्या दृष्टीने धोक्याचा झालेला असतो.

कॅसिओचा दोष सर्वांना ठाऊक आहे. त्याला दारू सोसत नाही आणि हे तो स्वतःच सांगतो. तुर्कांशी लढायला सारे सायप्रस बेटावर गेल्यावर तेथे तुर्की आरमार वादळात बुडाल्याचा आनंदोत्सव चालू असताना इयागो त्याला आग्रहाने पाजतो, रॉडरिगोला त्याच्या अंगावर घालतो आणि भांडण सोडवायला आलेला सायप्रसचा अधिकारी मोंटानो कॅसिओच्या हातून जखमी होतो. ऑथेल्लो साक्ष मागतो तेव्हा इयागो कॅसिओला वाचवण्याचा असा देखावा करतो की त्याच्या प्रत्येक सौम्य शब्दाने कॅसिओचा गुन्हा वाढत जातो. ऑथेल्लो तर उलट समजतो की प्रामाणिकपणा आणि माया यांमुळे इयागो प्रकरण सौम्य करून सांगतो आहे. कॅसिओचे पद जाते.

परंतु माझ्या मते दारू हा कॅसिओचा वरवरचा दोष आहे. त्याचा खरा नाजूक भाग म्हणजे लाज. पद गेल्यावर तो जखमेबद्दल बोलत नाही, नावलौकिक गेला म्हणून आक्रोश करतो. त्या लाजेमुळे सेनापतीसमोर जाऊन ‘माझे चुकले’ असे म्हणण्याचे धैर्य त्याला होत नाही. इयागो नेमकी हीच वाट बुजवतो आणि दुसरी दाखवतो: डेस्डेमोनाकडे जा, ती दयाळू आहे, ती रदबदली करील. सल्ला वरून पाहता निर्मळ आहे. इयागो स्वतः प्रेक्षकांना विचारतो की असा सल्ला देणाऱ्याला खलनायक कोण म्हणेल. आणि मग सांगतो की तिच्या सद्गुणालाच मी काळे फासीन आणि तिच्या चांगुलपणाचेच जाळे विणीन. येथे ‘दुबळेपण’ हा शब्द पुरत नाही. डेस्डेमोनामध्ये पकडण्याजोगा दोष नाही. म्हणून तिचा गुणच पकडला गेला. दिलेला शब्द पाळण्याची तिची जिद्द जितकी प्रामाणिक, तितकी ती ऑथेल्लोच्या कानाला वाईट लागते.

आता मुख्य प्रवेश, तिसऱ्या अंकातला तिसरा. मराठी रंगभूमीवर हे नाटक फार जुने आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर 1867 सालचे आहे आणि गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ 1890 सालचे. कोणत्याही भाषेत हा प्रयोग तरतो किंवा पडतो तो याच प्रवेशावर, कारण प्रवेश सुरू होताना पत्नीवर निःशंक प्रेम करणारा पुरुष प्रवेश संपताना तिच्या मृत्यूचा निश्चय करून उठतो. प्रेक्षकाला हे पटले नाही तर पुढचे सारे आक्रस्ताळे वाटते.

हा प्रवेश हळू वाचा आणि इयागो प्रत्यक्षात किती थोडे बोलतो ते पाहा. कॅसिओ लाजेने ऑथेल्लोला टाळून निघून जातो. इयागो पुटपुटतो की हे मला बरे वाटले नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही, सरकार. मग तो सहज विचारतो की आपल्या प्रेमाच्या दिवसांत कॅसिओला सगळे माहीत होते का. होते, तो तर आमच्यामध्ये निरोप्या होता. असे? यानंतर बराच वेळ इयागो ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नचिन्ह लावून परत करतो. प्रामाणिक? वाटते? ऑथेल्लो चिडतो की हा माझाच प्रतिध्वनी करतो आहे, जणू याच्या मनात दाखवण्याजोगे नाही असे काही भयंकर दडले आहे. आता मागणारा ऑथेल्लो झाला आणि नाकारणारा इयागो. मनातले विचार सांगण्याची सक्ती तर गुलामावरही नसते, असे म्हणून इयागो मागे सरकतो, आणि जो मागे सरकतो त्याच्या मागे दुसरा धावतो. आरोप अजून उच्चारलेलाही नाही, तोच इयागो मत्सरापासून सावध राहण्याचा कळकळीचा उपदेश करतो. आरोपाच्या आधी आलेला हा उपदेश आरोपापेक्षा परिणामकारक ठरतो, कारण ऑथेल्लोला आता कळते की मत्सर करण्याजोगे काही आहे.

यानंतर इयागो तीन गोष्टी सांगतो आणि त्यांतल्या दोन ऑथेल्लोच्या माहितीतल्याच आहेत. तिने तुमच्याशी लग्न करताना बापाला फसवले. व्हेनिसच्या स्त्रिया नवऱ्याला दाखवत नाहीत ते देवाला पाहू देतात, हे मी त्या शहराचा म्हणून जाणतो. आणि स्वतःच्या देशाची, वर्णाची, दर्जाची स्थळे सोडून तिने तुम्हाला निवडले. पहिली गोष्ट म्हणजे ब्रॅबान्शिओच्या शापाची पुनरुक्ती. बापाला फसवणारी तुलाही फसवील, असे त्याने सिनेटसमोर म्हटले होते आणि ऑथेल्लोने तेव्हा तिच्या निष्ठेवर आपला प्राण पैजेला लावला होता. दुसरी गोष्ट ऑथेल्लोला तपासता येत नाही, कारण त्याचे आयुष्य छावण्यांत गेले आहे आणि व्हेनिसच्या घराघरांतले व्यवहार त्याला परके आहेत. तिसरी तर सुरू करणाराच ऑथेल्लो आहे. निसर्ग आपल्या मार्गापासून कसा ढळतो, असे एक अर्धे वाक्य त्याच्या तोंडून निघते आणि इयागो ते झेलून म्हणतो, हाच तर मुद्दा.

माझ्या मते संपूर्ण नाटकाची किल्ली त्या अर्ध्या वाक्यात आहे. ऑथेल्लो मठ्ठ नाही. रणांगणावर तो कोणाला फसत नाही, सिनेटसमोर तो शांतपणे आणि सुंदर बोलून सर्वांना जिंकतो. परंतु त्याला व्हेनिसने गरजेपोटी मान दिला आहे, तुर्कांशी लढण्यासाठी. घरची लेक द्यायची वेळ आली तेव्हा त्याच व्हेनिसच्या एका सिनेटरने त्याला जादूटोणा करणारा ठरवले. आपण काळे आहोत, दरबारी गोड बोलणे आपल्याला येत नाही, वय उताराला लागले आहे, ही यादी तो एकटा असताना स्वतःच वाचतो. इयागोने त्यातल्या रंगाचा उल्लेख आडवळणाने केला. उरलेल्या गोष्टी ऑथेल्लोने स्वतः भरल्या. एवढी सुंदर, एवढी मोठ्या घरची स्त्री माझ्यावर खरोखर प्रेम का करील, हा प्रश्न त्याने तिला कधी विचारलेला नाही, आणि न विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर इयागो देतो. ज्या समाजाने एखाद्याला आत घेऊनही दारातच उभे ठेवले, त्या समाजाचा दोष या शोकांतिकेत ऑथेल्लोच्या दोषाइतकाच आहे, असे मी ठामपणे मानतो.

पुराव्याचे प्रकरण मात्र इयागोच्या अंगाशी येता येता राहते. ऑथेल्लो त्याच्यावर धावून जातो, डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो, नाहीतर प्राण घेईन म्हणतो. येथे तो क्षणभर जुना सेनापती असतो. इयागो दुखावल्याचे सोंग आणून म्हणतो की प्रामाणिक राहणे या जगात धोक्याचे झाले, मी नोकरी सोडतो. आणि ऑथेल्लो त्याला थांबवतो. मग पुरावा या गोष्टीचा अर्थच बदलला जातो. असली गोष्ट डोळ्यांनी कोण पाहणार, असे विचारून इयागो तिचे इतके बीभत्स चित्र रंगवतो की ऑथेल्लोने न पाहताच पाहिले. त्यानंतर कॅसिओचे रचलेले स्वप्न येते, ज्यात तो झोपेत डेस्डेमोनाचे नाव घेतो, आणि शेवटी रुमाल: ऑथेल्लोने पत्नीला दिलेला रुमाल आपण कॅसिओकडे पाहिला, असे इयागो सांगतो.

रुमालाबद्दल एक तपशील वाचक हमखास विसरतात. ऑथेल्लोचे डोके दुखते आहे म्हणून डेस्डेमोना तो त्याच्या कपाळाला बांधू पाहते; तो रुमाल लहान आहे म्हणून तो बाजूला सारतो, रुमाल पडतो, आणि ‘राहू दे’ असे तोच म्हणतो. म्हणजे रुमाल हरवला त्या क्षणी ऑथेल्लो तेथेच उभा होता. नवरा-बायकोंनी त्या दुपारची नुसती उजळणी केली असती तरी पुरे होते. त्याऐवजी तो रुमालाच्या जादूची भयंकर कथा सांगून तिला घाबरवतो, आणि घाबरून ती खोटे बोलते की रुमाल हरवलेला नाही. तिचे हे एवढेसे असत्य, आणि तेही भीतीतून आलेले, तिच्या विरुद्ध जाते.

शेक्सपिअरला ही कथा इटालियन लेखक चिंथिओच्या 1565 सालच्या कथासंग्रहातून मिळाली. तेथे निशाणदार स्वतः डेस्डेमोनावर आसक्त असतो, नकारामुळे सूड घेतो, आणि ती त्याच्या लहान मुलीला जवळ घेत असताना स्वतःच रुमाल चोरतो. शेक्सपिअरने ती चोरी काढून रुमाल एमिलियाच्या हातात दिला. हा बदल मला विलक्षण वाटतो. एमिलिया इयागोची पत्नी आणि डेस्डेमोनाची सखी. नवऱ्याने तो रुमाल अनेकदा मागितला होता म्हणून केवळ त्याला खूश करण्यासाठी ती तो देते, आणि इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. तिचे दुबळेपण म्हणजे घरात कधी कौतुक न मिळालेल्या स्त्रीची नवऱ्याला राजी ठेवण्याची सवय. पुढे डेस्डेमोना व्याकूळ होऊन विचारते की रुमाल कोठे गेला असेल, तेव्हा एमिलिया म्हणते, मला माहीत नाही. या तीन शब्दांपाशी मी प्रत्येक तालमीत थांबतो, कारण इयागो त्या वेळी रंगमंचावर नसतानाही त्याचे काम चालू असते.

तुम्ही म्हणाल की ऑथेल्लोने चौकशी केलीच नाही असे नाही. खरे आहे, चौथ्या अंकात तो एमिलियाला विचारतो आणि ती मालकिणीच्या निर्दोषपणाची शपथ घेते. परंतु तोवर साक्षीदारच खोटा ठरवण्याची तयारी त्याच्या मनात झालेली असते. त्याच प्रवेशात डेस्डेमोना त्याला स्पष्ट विचारते: कोणाशी? कोणाबरोबर मी बेइमान झाले? तो उत्तर देत नाही. कॅसिओचे नाव त्या प्रवेशात तो तिच्यापुढे उच्चारतच नाही. मृत्यूच्या रात्री तो प्रथम नाव आणि रुमाल एकत्र सांगतो, आणि ती तत्काळ उपाय सांगते की त्याला बोलवा, तो खरे सांगेल. ऑथेल्लो म्हणतो, त्याचे तोंड बंद झाले आहे, प्रामाणिक इयागोने ती व्यवस्था केली.

इयागोलाही हे पुरेपूर कळते. पाचव्या अंकाच्या आरंभी, रॉडरिगो तलवार उपसून कॅसिओची वाट पाहत असताना, तो हिशेब मांडतो की रॉडरिगो जगला तर दागिने मागेल, आणि कॅसिओ जगला तर मूर त्याच्याशी बोलून मला उघडे पाडील. म्हणून दोघेही मेले पाहिजेत. खलनायकाने आपल्या तोंडाने आपले मर्म सांगितलेले आहे. त्याची ही भीती खरीही ठरते. कॅसिओ वाचतो, आणि अखेरच्या प्रवेशात ऑथेल्लो त्याला पहिल्यांदा विचारतो की तो रुमाल तुझ्याकडे कसा आला. माझ्या खोलीत सापडला, असे उत्तर येते. एवढेच विचारायचे होते.

त्याआधी इयागोला खरा तडाखा एमिलियाकडून बसतो. रुमालाचे नाव ऐकताच तिला सर्व उमगते. नवरा गप्प बस म्हणतो, घरी जा म्हणतो. ती म्हणते की त्याची आज्ञा पाळणे योग्यच, पण आता नाही. इयागोने माणसांची सारी गणिते बरोबर सोडवली होती, फक्त बायकोच्या मनातली मैत्रीण त्याने कधी जमेस धरली नव्हती. तो तिला भोसकतो, पण बोलणे पूर्ण झालेले असते.

या संदर्भात देवलांचीच दोन नाटके शेजारी ठेवून पाहावीत, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. ‘झुंझारराव’ लिहिणाऱ्या देवलांनीच ‘संशयकल्लोळ’ लिहिले आणि तेथे रुमालाच्या जागी तसबीर आहे. ती हातोहात फिरते, पती-पत्नी आणि प्रेमिक एकमेकांवर संशय घेतात, परंतु त्यांच्यामध्ये कोणी इयागो नाही. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांच्या तोंडावर भांडतात आणि अखेर सगळे एकत्र आल्यावर उलगडा होतो. संशयी स्वभाव दोन्हीकडे आहे. एकीकडे तो हसवतो आणि दुसरीकडे जीव घेतो, याचे मोठे कारण बोलण्याच्या वाटा उघड्या आहेत की बंद, हेच आहे.

आता इयागोच्या हेतूविषयी, कारण नट तो विचारतोच. इंग्रज कवी आणि समीक्षक कोलरिजने इयागोच्या स्वगतांना हेतुहीन दुष्टाव्याने चालवलेली हेतूंची शोधाशोध म्हटले आणि ते वर्णन रूढ झाले. मला ते अर्धेच पटते. बढती हुकली, ऑथेल्लोचे एमिलियाशी संबंध असल्याची कुजबुज, कॅसिओवरही तोच संशय, अशी कारणे तो बदलत राहतो हे खरे. पण ती सारी एका जातीची आहेत: दुसऱ्याला मिळाले आणि मला मिळाले नाही. कॅसिओच्या जगण्यात असे सौंदर्य आहे की त्यापुढे मी कुरूप दिसतो, हे त्याचे एक वाक्य मी सर्वांत खरे मानतो. ज्या मत्सरापासून तो ऑथेल्लोला सावध करतो, तो त्याने स्वतः भोगलेला आहे, आणि म्हणूनच त्याचे वर्णन इतके अचूक करता येते.

म्हणून भूमिका करताना खलनायकी हास्य, तिरपी नजर, प्रेक्षकांकडे पाहून डोळे मिचकावणे हे सारे टाकून द्यावे. इयागोची भूमिका ऑथेल्लोच्या भूमिकेपेक्षाही लांब आहे, आणि इतका वेळ नुसते कपट दाखवत राहिले तर ऑथेल्लो आपोआप मूर्ख ठरतो. तो प्रत्येकाशी बोलताना त्या माणसाला खरोखर मदत करतो आहे, असे वाटले पाहिजे. कॅसिओला दिलेला सल्ला ऐकून प्रेक्षकालाही तो क्षणभर योग्य वाटावा. स्वगतांत त्याचा बेत आधीच तयार नसतो, ‘कसे, कसे? पाहू या’ असे म्हणत तो तिथल्या तिथे रचतो, तेव्हा नटाने पाठ केलेली योजना सांगू नये, सुचू द्यावी. तिसऱ्या अंकात प्रतिप्रश्न करताना आवाज खाली ठेवावा आणि उत्तरासाठी थांबावे. ती स्तब्धता ऑथेल्लोच्या नटाला भरू द्यावी. आणि दोघांच्या तालमी सुरुवातीला वेगवेगळ्या न घेता एकत्रच घ्याव्यात, कारण या प्रवेशात इयागोची अर्धी भूमिका ऑथेल्लो बोलतो.